पांदणीपासून सडकेपर्यंत : आडवाटेच्या मोटारसायकलीच्या कायदेशीर मान्यतेचा ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना

मोटार वाहनाचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इंजिनाची क्षमता, कारखान्याची स्थापना, विक्रीची वाढ या अंगांनी त्याची मांडणी होते. परंतु वाहन रस्त्यावर येते ते केवळ यंत्र म्हणून नव्हे. नोंदणी क्रमांक, विमापत्र व कर भरल्याची पावती यांसह ते एक कायदेशीर अस्तित्व म्हणून येते. यंत्र आणि हे कायदेशीर अस्तित्व यांमधील अंतर सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ते आडवाटेसाठी बनविलेल्या मोटारसायकलीच्या बाबतीत. बोलीत 'डर्ट बाईक' म्हणून ओळखली जाणारी ही गाडी चिखल, खडक व चढउतार यांवर सहज चालते. मात्र गुळगुळीत डांबरी सडकेवर चालण्याचा अधिकार तिला नसतो. जे वाहन अधिक कठीण वाट पार करू शकते त्यासच सोपी वाट निषिद्ध का, हा प्रश्न वरवर विनोदी वाटला तरी त्याचे उत्तर शंभर वर्षांच्या कायद्याच्या इतिहासात दडलेले आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. पांदण रस्ते, काळी चिकण जमीन आणि मेळघाटातील डोंगरवाटा यांमुळे 'रस्ता' व 'रस्त्याबाहेर' यांतील सीमारेषा येथे नित्याच्या जीवनात पुसट झालेली आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) 'मोटार वाहन' या संज्ञेच्या व्याख्येतील स्थित्यंतरे पाहणे, (२) आडवाटेच्या मोटारसायकलीस रस्त्यावर मान्यता मिळण्यासाठी लागणाऱ्या अटींचे स्वरूप स्पष्ट करणे, (३) शेती व बांधकामाच्या यंत्रांना कायद्याने दिलेल्या सवलतींशी त्यांची तुलना करणे, आणि (४) या साऱ्याचे अपघातग्रस्त कुटुंबावर होणारे परिणाम मांडणे.

वऱ्हाडातील वाट, सडक आणि वाहन

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ पासून मध्य प्रांतास जोडून त्याचा कारभार चालू लागला. कापसाच्या व्यापाराने या प्रदेशात लोहमार्ग आणले. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके बाजाराची केंद्रे बनली. तथापि शेतापासून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा बैलबंडीचाच राहिला. वावरातून धुऱ्यापर्यंत, धुऱ्यावरून पांदणीत आणि पांदणीतून सडकेवर असा मालाचा प्रवास होई. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर पावसाळ्यात जमीन इतकी चिकट होते की लोखंडी धावेचे चाकही रुतून बसते.

बंडीची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू ट्रॅक्टरने व मोटारसायकलीने घेतली. पांदण मात्र बहुतांशी तशीच राहिली. शेतवाटेचा प्रश्न हा वऱ्हाडातील महसुली वादांचा जुना विषय आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ यांच्या आधारे तहसीलदारांकडे असे वाद आजही चालतात. राज्य शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना जाहीर केली, यावरूनही या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. दुसऱ्या टोकास, जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर सुमारे ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. विक्रमी महामार्ग आणि रुतणारी पांदण ही एकाच तालुक्यातील दोन वास्तवे आहेत. शेतकऱ्याची मोटारसायकल एकाच दिवशी या दोन्हींवर चालते.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदविणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) नुसार जनतेस जेथे प्रवेशाचा हक्क आहे असा कोणताही रस्ता, वाट वा जागा म्हणजे 'सार्वजनिक जागा' होय. मग ती रहदारीची असो वा नसो. त्यामुळे गावकऱ्यांच्या वहिवाटीची पांदण डांबरी नाही म्हणून ती कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. 'मी तर फक्त पांदणीतूनच गाडी नेतो' हा सर्वसाधारण समज कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, कारण कलम ३९ अन्वये नोंदणीविना वाहन चालविण्यास मनाई आहे ती सार्वजनिक रस्त्यापुरती नसून कोणत्याही सार्वजनिक जागेत आहे.

'रस्त्यास योग्य' : एका व्याख्येचा प्रवास

संपूर्ण हिंदुस्थानासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४ मध्ये झाला. त्यात यांत्रिक वा विद्युत शक्तीने रस्त्यावर चालविले जाणारे किंवा चालविता येण्याजोगे वाहन अशी व्यापक कल्पना होती. वऱ्हाडच्या बाबतीत एक वैशिष्ट्य आढळते. हा प्रांत तत्त्वतः निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या तरतुदींखाली स्वतंत्रपणे लागू करावे लागत. म्हणजे वाहनाप्रमाणेच कायद्यालाही वऱ्हाडात येण्यासाठी वेगळा परवाना लागत होता.

१९३९ च्या अधिनियमाने व्याख्या बदलली. 'रस्त्यांवर वापरण्यास योग्य केलेले यांत्रिक वाहन' हा तिचा गाभा झाला आणि रुळांवर चालणारी व केवळ मालकाच्या आवारात वापरली जाणारी वाहने त्यातून वगळण्यात आली. या अपवादाने मालकाच्या आवारात काम करणाऱ्या यंत्रास कायद्याबाहेर राहण्यास वाव मिळत होता. १९५६ च्या दुरुस्तीने हा अपवाद संकुचित केला. त्यानंतर वाहन कोठे वापरले जाते एवढ्याने भागेना. ते 'कारखान्यात वा इतर बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे' असले पाहिजे, अशी अट आली. १९८८ च्या अधिनियमातही हीच रचना कायम राहिली. शिवाय चारपेक्षा कमी चाके व पंचवीस घन सेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेली वाहने आज व्याख्येतून वगळलेली आहेत. आडवाटेच्या मोटारसायकलीचे इंजिन याहून कितीतरी मोठे असते आणि ती बंदिस्त आवारासाठीच बनविलेली आहे असेही म्हणता येत नाही.

'रस्त्यास योग्य' या शब्दांचा अर्थ काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो खाणींतील डंपरांच्या निमित्ताने. बोलानी ओर्स विरुद्ध ओरिसा राज्य (१९७४) या प्रकरणात खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या डंपर व तत्सम यंत्रांवर रस्ताकर बसतो काय, असा प्रश्न होता. वाहनकर हा रस्त्यांच्या वापराशी निगडित असल्याने केवळ आवारात काम करणारी अशी वाहने नोंदणीयोग्य असली तरी करपात्र नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पुढे सेंट्रल कोलफिल्ड्स विरुद्ध ओरिसा राज्य (१९९२) या प्रकरणात रबरी टायर असलेले डंपर रस्त्यावर चालण्यास योग्यच ठरतात आणि म्हणून करपात्र आहेत, असा निर्णय झाला. या दोन निर्णयांतून एक तत्त्व हाती येते. वाहनाचा मुख्य उपयोग रस्त्याबाहेर आहे, एवढ्यावरून ते मोटार वाहन नाही असे म्हणता येत नाही. मात्र मोटार वाहन ठरले म्हणजे रस्त्यावर चालण्याचा हक्कही मिळाला, असे समजणे तितकेच चुकीचे आहे. आडवाटेची मोटारसायकल या दोहोंच्या मधोमध अडकते : कायद्याच्या बंधनांसाठी ती वाहन आहे, परंतु त्याच्या लाभांसाठी नाही.

सैन्याची मोटारसायकल आणि देशी उत्पादन

भारतात रस्त्याबाहेर चालू शकणारी मोटारसायकल प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती सैन्यामार्फत. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या ब्रिटिश व अमेरिकी बनावटीच्या गाड्या युद्धानंतर नागरी बाजारात आल्या. १९५४ मध्ये भारत सरकारने सीमेवरील गस्तीसाठी रॉयल एन्फिल्डच्या ३५० घन सेंटीमीटरच्या बुलेट गाड्यांची मागणी नोंदविली आणि १९५५ पासून मद्रास येथे त्यांची जुळणी सुरू झाली. त्यानंतर म्हैसूरची जावा व एस्कॉर्ट्सची राजदूत या गाड्या ग्रामीण भागात रुजल्या. या गाड्या आडवाटेवरही चालत. परंतु त्या मुळातच नोंदणीयोग्य म्हणून विकल्या जात. रस्त्याची गाडी आणि आडवाटेची गाडी असा भेद त्या काळी ग्राहकाच्या मनात नव्हता.

सैन्याच्या गाड्यांचा वारसा कायद्यात मात्र टिकून राहिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ४७ मध्ये नोंदणीसाठी जी कागदपत्रे सांगितली आहेत, त्यांत लष्कराने निकाली काढलेल्या वाहनांसाठी संबंधित प्राधिकाऱ्याच्या मूळ विक्री प्रमाणपत्राची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजेच रस्त्याबाहेरच्या सेवेतून आलेल्या वाहनास नागरी सडकेवर आणण्याची एक वाट नियमांनी खुली ठेवली. ती केवळ शासकीय मूळ असलेल्या वाहनासाठी.

आडवाटेचा स्वभाव आणि सडकेची नोंदणी या दोन्हींचा मेळ घालणाऱ्या देशी गाड्या अलीकडच्या आहेत. हीरोची इम्पल्स (२०११), रॉयल एन्फिल्डची हिमालयन (२०१६), हीरोची एक्सपल्स २०० (२०१९) ही त्यांची परिचित उदाहरणे होत. याउलट शर्यतीच्या मोटोक्रॉस गाड्या भारतात विकल्या जातात त्या बंदिस्त मार्गावरील वापरासाठी, आणि त्यांची नोंदणी होत नाही.

दिवा बसविला म्हणजे गाडी रस्त्याची होते काय?

आडवाटेच्या गाडीस समोरचा दिवा, मागचा दिवा, दिशादर्शक, हॉर्न व आरसा बसविला की ती रस्त्यास योग्य होते, असा समज गॅरेजमध्ये सर्रास आढळतो. नियमांची यादी पाहता हा समज अर्धसत्य आहे. नियम १०५ दिव्यांविषयी, ११७ गतिदर्शकाविषयी, ११९ हॉर्नविषयी, १२० सायलेन्सरविषयी आणि १२५ आरशाविषयी आहे. नियम १२३ मात्र विशेष भारतीय आहे. त्यानुसार मोटारसायकलीस मागे बसणाऱ्यासाठी हाताचा आधार व पाय ठेवण्याची सोय असावी लागते आणि मागील चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षक साधन असावे लागते. यालाच लोक 'साडी गार्ड' म्हणतात. शर्यतीच्या दृष्टीने हे लोढणे वाटते. परंतु वऱ्हाडात निंदण-खुरपणीस वा कापूस वेचणीस जाणारी स्त्री याच गाडीवर मागे बसते. पदर चाकात अडकून होणारा अपघात टाळणे हा नियमाचा हेतू असून तो या प्रदेशाच्या वास्तवाशी घट्ट जोडलेला आहे.

तथापि ही सर्व साधने बसविली तरी नोंदणी होत नाही. याचे कारण साधनांत नसून कागदपत्रांत आहे. नोंदणीसाठी नमुना २० मधील अर्जासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, विमापत्र आणि नमुना २२ मधील उत्पादकाचे योग्यता प्रमाणपत्र द्यावे लागते. वाहन प्रदूषण, सुरक्षा व इतर नियमांची पूर्तता करते, असे त्यात उत्पादकच प्रमाणित करतो. त्याआधी नियम १२६ प्रमाणे वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांसारख्या मान्य संस्थेकडून झालेली असावी लागते. भारत स्टेज ६ ची उत्सर्जनमानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि १२५ घन सेंटीमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या मोटारसायकलींना ब्रेकची एबीएस यंत्रणा २०१९ पासून बंधनकारक आहे. बंदिस्त मार्गासाठी बनविलेल्या गाडीचा असा नमुना कधी तपासलाच गेलेला नसतो. परिणामी उत्पादक नमुना २२ देत नाही, आणि तो नसल्यास अमरावती (एमएच-२७) वा अकोला (एमएच-३०) येथील परिवहन कार्यालयास नोंदणी क्रमांक देण्याचा अधिकारच उरत नाही. मालकास हा कार्यालयीन आडमुठेपणा वाटतो. प्रत्यक्षात निर्णय कार्यालयात पोहोचण्यापूर्वीच कारखान्यात झालेला असतो.

ब्रिटनमध्ये एकेका मोटारसायकलीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. भारतीय व्यवस्था मुख्यतः नमुन्याला मान्यता देते. एकट्या मालकास आपल्या एकट्या गाडीसाठी ती प्रक्रिया व्यवहारात परवडत नाही.

बदलावरील निर्बंध

१९८८ च्या अधिनियमातील कलम ५२ चे मूळ स्वरूप तुलनेने उदार होते. नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने वाहनात बदल करता येत असे. २००० च्या दुरुस्तीने ही भूमिका पालटली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलापेक्षा भिन्न होतील असा बदल करण्यास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने कलम १८२-क बदलून अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. दिव्यांग व्यक्तींसाठी करावयाच्या बदलांना मात्र सवलत देण्यात आली.

शेतयंत्रांना मिळालेली वाट

कायदा रस्त्याबाहेरच्या यंत्रांबाबत सर्वत्र कठोर आहे, असे मात्र नाही. कृषी ट्रॅक्टर हे शेतातील कामासाठी बनविलेले यंत्र. परंतु १९८९ च्या नियमांत त्याची स्वतंत्र व्याख्या असून ते बिगर-परिवहन वाहन मानले जाते. २००० साली 'बांधकाम साधन वाहन' अशी आणखी एक वर्गवारी निर्माण झाली. खोदकामाची व भरावाची यंत्रे यांचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे, रस्त्यावरील चालणे केवळ आनुषंगिक, अल्पकाळ आणि ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादेत, असे तिचे स्वरूप आहे. म्हणजे 'रस्त्यावर व रस्त्याबाहेर' ही संकल्पना कायद्यास अपरिचित नाही. मोटारसायकलीस मात्र अशा सवलतीच्या वर्गवारीचा लाभ मिळालेला नाही.

उलट दिशेचा प्रवासही उद्बोधक आहे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीस औत जोडून 'बुलेट सांती' तयार केली. सडकेची गाडी वावरात नेणाऱ्याचा नवोन्मेषक म्हणून गौरव होतो, वावरातील गाडी सडकेवर आणणारा मात्र कायदाभंग करणारा ठरतो. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे उत्तर भारतातील 'जुगाड'. पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवून तयार केलेली ही वाहने मोटार वाहनेच आहेत आणि अधिनियमाची पूर्तता केल्याविना ती चालविता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध संतोष या प्रकरणात स्पष्ट केले.

अपघात, विमा आणि कुटुंब

हा प्रश्न केवळ हौशी चालकांचा असता तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. परंतु नोंदणीचा धागा विम्याशी आणि विम्याचा धागा अपघातग्रस्ताच्या कुटुंबाशी जोडलेला आहे. कलम १४६ नुसार सार्वजनिक जागेत वाहन वापरताना त्रयस्थ पक्षाचा विमा आवश्यक आहे. ज्या गाडीस नोंदणीच नाही तिला असा विमा मिळणे दुरापास्त असते. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स (२०१४) या प्रकरणात गाडीचा विमा होता, परंतु तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यानंतर अपघात झाला होता. नोंदणीविना सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविणे हा विमाकराराचा मूलभूत भंग ठरवून सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या नुकसानीचा दावा अमान्य केला. काही दिवसांच्या विलंबाची ही किंमत असेल, तर कधीही नोंदणी न झालेल्या गाडीबाबत वेगळे सांगणे नको.

यात खरी हानी होते ती त्रयस्थाची. पांदणीच्या तोंडाशी विनानोंदणीच्या गाडीखाली एखादा शेतमजूर सापडला, तर न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देऊ शकते. मात्र ती देण्यास विमा कंपनी नसते. वसुली मालकाकडूनच करावी लागते. कोरडवाहू वऱ्हाडातील अल्पभूधारकाकडून अशी रक्कम वसूल होणे किती कठीण, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही. एका घरातील कर्ता माणूस जातो आणि दुसऱ्या घरातील वावर विकले जाते. क्रमांकाची पाटी ही दंड टाळण्याची युक्ती नसून दोन्ही कुटुंबांमधील एक सामाजिक हमी आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. आडवाटेच्या मोटारसायकलीची रस्त्यावरील मान्यता तिच्या चालण्याच्या क्षमतेवर अवलंबून नसून तिच्या मूळ प्रमाणनावर अवलंबून आहे. दिवे व आरसे नंतर बसविल्याने ही उणीव भरून निघत नाही.

२. १९१४ ते २०१९ या काळात कायद्याचा भर वाहनाच्या वापराकडून वाहनाच्या बनावटीकडे आणि मालकाच्या जबाबदारीकडून उत्पादकाच्या प्रमाणपत्राकडे सरकलेला दिसतो.

३. ट्रॅक्टर व बांधकाम यंत्रांना मर्यादित वेगाने व अल्पकाळ रस्ता वापरण्याची मुभा देणाऱ्या कायद्यास, कठोर तपासणीच्या अटीवर, एकेका मोटारसायकलीस मान्यता देण्याची पद्धत विचारात घेता येण्यासारखी आहे. मात्र साडी गार्डसारख्या तरतुदी व विम्याची अट यांत कोणतीही सूट देणे हितावह ठरणार नाही.

४. पांदण ही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा असू शकते, याची जाणीव ग्रामीण वाहनधारकांत रुजविणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यासाठी उपयुक्त माध्यम ठरू शकतात.

वऱ्हाडात पांदण जेथे संपते आणि सडक जेथे सुरू होते तेथे बहुधा कोणताही फलक नसतो. ती सीमा कागदावर असते, आणि अपघात झाल्यानंतरच ती प्रथम दिसते. ती आधी दिसावी, यासाठी कायद्याच्या इतिहासाचा अभ्यास उपयोगी पडतो.